निशिगंधाच्या टाकीतलं शेवाळ

संत तुकाराम नगर, पिंपरी
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

प्रिय निशिगंधा,

नमस्कार. तू बरी असशील. फोन तू ब्लॉक केलास, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तळवड्याचा पत्ता मी तुझ्या मैत्रिणीकडून, करिष्माकडून, घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला दोनदा विनवलं.

आईची तब्येत ठीक आहे, गुडघे सोडले तर. माझं निघोज्याच्या कंपनीतलं तपासणीचं काम तसंच चालू आहे. तीच पहिली शिफ्ट, परवापर्यंत तीच पहाटे पावणेसहाची बस. आणि तुझे दोन्ही जोकर मासे जिवंत आहेत. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, कारण तू पत्र उघडशील तर त्यांच्यासाठीच उघडशील.

तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं सगळं सांगते. तू जानेवारीत गेलीस. मार्चमध्ये दगडांवर हिरवी लव दिसायला लागली. मला वाटलं, बरं दिसतंय. एप्रिलअखेर बोटभर लांब केसांसारखं शेवाळ झालं, प्रवाळांवर चढलं, काचेवरही आलं. सुजित म्हणाला, "ताई, फेकून दे ते डबकं." मी म्हटलं, माझ्याच्यानं होईल ते करीन. माझा स्वभाव तुला माहीत आहे. गिअरच्या पार्टवर केसाएवढा चरा असला तरी मी तो लॉट सोडत नाही, तर शेवाळापुढे हार कशी मानणार?

पण सुरुवात चुकीची केली, तेही लिहिते. दुकानदाराने शेवाळ मारायचं औषध दिलं. मी बाटलीवर लिहिलेलं पूर्ण वाचलं नाही. चार दिवसांत शेवाळ पांढरं पडून गळालं, पाणी गढूळ झालं, आणि तुझी ती लाल-पांढरी कोळंबी, माशांच्या अंगावरची घाण टिपणारी, सकाळी तळाशी आडवी पडलेली दिसली. पंधरा दिवसांत शेवाळ पुन्हा आलं, आधीपेक्षा दाट. सडलेलं सगळं पाण्यातच राहिलं होतं, त्याचंच खत झालं. कोळंबी माझ्यामुळे गेली. मला माफ कर.

मग मात्र मी कंपनीतल्यासारखं वागले. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी तिथे नव्या पोरींना सांगत असते. आरओचं पाणी तपासलं. पाण्यात विरघळलेले क्षार शून्याच्या जवळ हवेत, आले बासष्ट. तुझ्यानंतर कोणी फिल्टर बदललेच नव्हते. ते बदलले. दिवा बारा तासांवरून सात तासांवर आणला. दर रविवारी दगडांवरचं शेवाळ टूथब्रशने घासून सुटं करायचं, नळीने बाहेर ओढायचं, आणि तेवढंच नवं खारं पाणी मीठ मोजून भरायचं. शेवाळ खाणाऱ्या सहा गोगलगाई आणल्या. महिनाभरात काच स्वच्छ झाली, दगडही दिसू लागले. जमतंय, अशी माझी खात्री झाली.

पण फॉस्फेट उतरेना. शेवाळाला तेच लागतं, आणि चाचणीच्या नळीत रंग दर वेळी तसाच गडद. पाणी चांगलं, दिवा कमी, मी खायला घालते चिमूटभर. मग येतंय कुठून? तीन महिने हे कोडं सुटेना.

ऑगस्टच्या शेवटी एकदा कंपनीत वीज गेली आणि आम्हाला अकरालाच सोडलं. घरी आले तर आई स्टुलावर चढून टाकीत दाणे ओतत होती. चिमूट नाही, मूठ.

"आई, काय करायलीस?"

"खायला घालायले. उपाशी हायत."

"सकाळी मी घातलंय ना."

"तुझं ते घालणं म्हणजे देवाला अक्षता वाहिल्यावानी. ती पोरगी जाताना एवढंच सांगून गेली, आई, यांना उपाशी ठेवू नका. मी दिवसातून तीनदा घालते."

मला इतका राग आला, निशी. म्हटलं, "तीन महिने मी दगड घासतेय. तुला एकदा सांगता आलं नाही?"

आई स्टुलावरून सावकाश उतरली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तू तरी कुठं सांगितलंस? मामापुढं म्हणालीस, मी आंघोळीला होते. तिचा हात मोडला त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. बादलीभर उरलं होतं, ते मीच भांड्यांना वापरलं."

मी तिथेच खाली बसले. आईही बसली.

आता जे लिहायला मी हे पत्र काढलं, ते लिहिते.

मी आंघोळीला नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात होते. सुजितने तुझा उजवा हात पिरगळला आणि तुला कपाटावर ढकललं, ते मी पाहिलं. तू पडलीस तेव्हा तुझं तोंड माझ्याकडे होतं. मी मागे सरले आणि गॅसजवळ जाऊन उभी राहिले. नंतर बैठकीत सोपानमामांसमोर, हाताला प्लास्टर असताना, तू मला विचारलंस, "वन्सं, तुम्ही घरात होतात ना?" आणि मी ते उत्तर दिलं. तुला खोटं पाडलं ते सुजितने नाही, मी.

घर मोडू नये म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. खरं ते नाही. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, माझं लग्न झालेलं नाही, आणि मला तिथेच राहायचं होतं. एवढंच कारण होतं.

मागच्या रविवारी मी मामांना बोलावलं आणि सुजितच्या समोर सगळं सांगितलं. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. सुजित म्हणाला, "आठ महिने गप्प होतीस ना? मग आता काय झालं?"

मी म्हटलं, "आठ महिने गप्प होते, तेच चुकलं."

"मग राहा कुठे राहायचं तिथे."

मी निघोज्यात दोन खोल्या घेतल्या आहेत, कंपनीपासून चालत दहा मिनिटांवर. आई माझ्यासोबत येते म्हणाली. मी तिला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिने आपली पातळं पिशवीत भरायला घेतली. काल दुपारी आम्ही टाकीसुद्धा हलवली, निम्मं पाणी ड्रममध्ये, दगड ओल्या कापडात, मासे झाकणाच्या बादलीत, आणि बादली आईच्या मांडीवर. रात्रीपर्यंत दोघे पोहायला लागले.

तेव्हा हे पत्र मी जुन्या पत्त्यावरून लिहायला घेतलं असलं तरी उत्तर निघोज्याच्या पत्त्यावर पाठव, मागे लिहिला आहे. आज फक्त उरलेली भांडी न्यायला इथे आले आहे.

शेवाळाचं म्हणशील तर फॉस्फेट उतरलं. आईला आता दिवसाचे दाणे मोजून डबीत देते, ती ते दोनदा विभागून घालते. मागच्या कोपऱ्यात थोडं आहे, ते राहील. गोगलगाईंना तेवढं लागतं.

सोबत दोन पानं जोडली आहेत. त्या सकाळी मी काय पाहिलं ते तारखेसह लिहून सही केली आहे, साक्षीला आईचा अंगठा आहे. तुझ्या वकिलांना दे. कोर्टात उभं राहावं लागलं तर मी रजा टाकीन, तारीख फक्त कळव. टाकी तुझी आहे. तू म्हणशील त्या दिवशी टेम्पो करून तळवड्याला आणते, नाहीतर आहे तिथे सांभाळते.

त्या सकाळची माफी या पत्रात मागत नाही. कोळंबीबद्दल मागितली, ती सोपी होती.

या वेळी तुझ्या बाजूची,
दीपमाला