उजव्या पंजाचं माप

इस्लामपूर,
५ जानेवारी २०२५

ती. आजोबा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सगळे ठीक. कारखान्याचा हंगाम जोरात आहे आणि मी प्रयोगशाळेत दिवसभर उसाच्या रसाचे नमुने तपासते. आईचा गुडघा दुखतो. ती डॉक्टरांपेक्षा शेजारणीवर विश्वास ठेवते.

पत्राचं कारण असं. कपिलमामाच्या गायन पार्टीतला बेसवाला पुण्याला गेला. मामा म्हणतो, तू स्वतःची बेस गिटार आणलीस तर चौदा एप्रिलच्या सांगलीच्या कार्यक्रमात जागा तुझी. नाही तर सांगलीचा विश्वजीत तयारच आहे. दोन वर्षं मी प्रांजलच्या गिटारवर सराव करते आहे. गिटार मैत्रिणीची, फोड माझ्या बोटांना. ही जागा मला हवी आहे. भाची म्हणून नको, वाजवते म्हणून हवी.

दोन मॉडेलं समोर आहेत. एक काळं, पाच तारांचं, लांब मानेचं, पाठीत बॅटरी असलेलं. मामाला ते आवडलं, कारण बॅनरवर शोभेल. दुसरं चार तारांचं, आखूड मानेचं. प्रांजलची गिटार लांब मानेची आहे आणि तिच्यावर माझं मनगट तासाभरात दुखतं, म्हणून मला आखूड बरं वाटतं. पार्टीतले हसतात. म्हणतात, ह्ये शाळंच्या गॅदरिंगचं खेळणं हाय. इंटरनेटवर विचारावं, तर तिथे प्रत्येक जण आपण घेतलं तेच कसं योग्य हे सांगतो.

तुम्ही पलटणीच्या बँडमध्ये एकवीस वर्षं बास वाजवलात. पितळी का होईना. यातलं कोणतं घेऊ, एवढंच सांगा. घ्यावं की नाही यावर मत नको. ते घरात भरपूर आहे.

लोभ आहे तेवढाच पुरे. वाढवलात तर सल्लेही वाढतील.

तुमची नात,
अक्षता


सातारा,
१३ जानेवारी

चि. अक्षता हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोन करू नकोस, हे सांगितलेलं ध्यानात ठेवलंस, बरं केलंस. मोबाइलवरही लिहू नकोस. तिथे दोन ओळींत कुणाचा धड अपमानसुद्धा करता येत नाही.

बास म्हणजे काय ते आधी समजून घे. आमचा टूबा अकरा किलोचा. तो अंगावर घेऊन उन्हात चालायचं, पितळ तापायचं, आणि तरी खालचा सूर हलता कामा नये. ज्या वाद्याच्या पोटात बॅटरी घालावी लागते त्याला मी बास म्हणत नाही, टॉर्च म्हणतो. बॅनरवर शोभतं म्हणून वाद्य निवडणाऱ्या माझ्या मुलाबद्दल काय लिहू? त्याने आयुष्यभर कीबोर्डचं बटण दाबून ढोलकी वाजवली.

भरती झाल्यावर बँडमास्तरने आम्हाला रांगेत उभं केलं आणि तोंडं उघडायला लावली. बैलबाजारात बघतात तसे दात बघितले. बारीक ओठांना छोटं, चढ्या सुराचं कॉर्नेट. जाड ओठ आणि सरळ दातांना बास. आवड कुणाची विचारली नाही. एकवीस वर्षांत एकाचंही वाद्य बदलावं लागलं नाही. तुम्ही लोक आवड विचारता, रंग विचारता, आणि अंगाचं माप घेत नाही.

कागदावर उजवा पंजा ठेव, बोटं ताणून. पेन्सिलीने रेघ ओढ आणि पाठव. दोन्ही मॉडेलांच्या मोकळ्या तारेची लांबी इंचांत लिही. बाकी वर्णन नको.

आशीर्वाद आहेतच. ते मागण्यासाठी तिकीट वाया घालवू नकोस.

धोंडीबा, निवृत्त हवालदार


इस्लामपूर,
२२ जानेवारी

ती. आजोबा यांस,
सविनय जयभीम.

पंजा सोबत आहे. काळ्याची तार चौतीस इंच, आखूडची तीस.

रविवारी मामाबरोबर सांगलीच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी विचारलं, भाऊ कुठे आहे. वाजवणार मी, असं सांगितल्यावर तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, गुलाबी रंगात एक मॉडेल येतं, तीन दिवसांत मागवतो. काळी पाच तारांची मी पट्ट्याने खांद्याला लावली. मामाने लगेच फोटो काढला. अजून एक सूरही वाजला नव्हता. त्याने दुकानदाराला बांधायला सांगितली, मी नको म्हटलं. कोपऱ्यात एक साधी, लाकडी रंगाची, चार तारांची लांब मानेची गिटार टांगली होती. तिच्यावर धूळ होती. दुकानदार म्हणाला, ती कोण मागत नाही.

परत आल्यावर स्टँडवर उतरताच मामा म्हणाला, दोन मार्चला सराव हाय, इश्वजीत पण यील, जो वाजवंल त्यो ऱ्हाईल. आणि जाता जाता म्हणाला, तुज्या आजोबालाच इचारत बस, त्यास्नी आमचं गाणं बघवत न्हाई.

यात खोटं काय आहे? अकरा वर्षांपूर्वी कऱ्हाडला मामा गात असताना तुम्ही पहिल्या रांगेतून उठून गेलात. त्यानंतर एकदाही आला नाहीत. मामा तरी दर वर्षी पत्रिका पाठवतो, आणि तुम्ही तिच्यातल्या चुका लाल पेनने काढून परत पाठवता. आपल्या बापाकडून आपल्या कार्यक्रमाला एवढंच उत्तर येत असेल, तर माणूस बॅनर बघून वाद्य घेईल नाही तर काय करील?

माया असेल तर उत्तर लवकर द्यावं. नसेल तर माप तरी द्यावं.

अक्षता


सातारा,
१ फेब्रुवारी

चि. अक्षता हिस,
आशीर्वाद.

पंजा मिळाला. शेजारी आयटीआयचे निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्याकडून फ्रेटचं गणित करून घेतलं. फ्रेट म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या तारा, हे मला त्यांनी अर्धा तास समजावलं. मास्तर आहेत, थांबत नाहीत. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत लांब मानेवर पाच इंच आणि थोडं वर. आखूड मानेवर साडेचार. तुझं पहिलं बोट आणि करंगळी साडेचारला पोचतात, पाचला नाही. गणित संपलं. आखूड घे. हसणाऱ्यांना हसू दे. त्यांच्या पंजाचं माप कुणी मागितलेलं नाही.

दोन्ही मापांची कागदी पट्टी जोडली आहे. स्वतः ताडून बघ.

कऱ्हाडला माझं पोट बिघडलं होतं. पत्रिकेतल्या चुका मात्र खऱ्या आहेत.

तुझ्यावर राग नाही. तो बाकीच्यांत वाटून संपला.

धोंडीबा

ता. क. अक्षू, पाकीट चिकटवाय माज्याकडं दिलंय म्हणून लिवते. पोट त्यांचं कवाच बिघडत न्हाई. तू एकदा ये, आन् मी पाठीमागनं हाक मारल्यावर काय हुतंय ते बघ. मी मुक्ताबाई, तुजी आजी.


इस्लामपूर,
१० फेब्रुवारी

ती. आजोबा यांस,
सविनय जयभीम.

तुमची पट्टी टेबलावर ठेवली आणि उजवा हात ताणला. साडेचारला अडला. मग सहज डावा ठेवला. करंगळी पाच इंचांच्या पुढे गेली.

आजोबा, गिटारची मान डाव्या हाताने धरतात. तुम्ही उजवा मागितलात, कारण पितळी बासच्या कळा उजव्या हाताने दाबतात. मी उजवा पाठवला, कारण हवालदाराच्या हुकमाला का म्हणून विचारायची या घरात पद्धत नाही. दोन वर्षांत माझा डावा पंजा जास्त पसरायला लागला, हे मलाही माहीत नव्हतं. चूक दोघांची आहे. पण अंगाच्या मापावरचं व्याख्यान एकाचंच होतं.

दुसरी गोष्ट. तुमची दोन्ही पत्रं परत वाचली. त्यांत किलो आहेत, दात आहेत, इंच आहेत. आवाज कसा आहे, असं एकदाही विचारलेलं नाही. एकवीस वर्षं बँडमध्ये काढलेला माणूस वाद्य निवडताना आवाज विचारत नाही. फोनही नको म्हणतो. आणि आजीने खाली काय लिहिलं ते मी वाचलं आहे.

तुम्हाला किती ऐकू येतं?

तेवीस तारखेला रविवारी अकरा वाजता मी सांगलीच्या दुकानात असेन. रागावून या, पण या.

अक्षता


सातारा,
१७ फेब्रुवारी

चि. अक्षता हिस,
आशीर्वाद.

हात डावा. मान्य. बँडमास्तर असता तर मला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

डावा कान नोकरीतच गेला. उजवा बारा वर्षांपूर्वी जाऊ लागला. यंत्र लावून पाहिलं. त्यात भांडी ऐकू येतात, माणसं येत नाहीत. कऱ्हाडला कपिलचे ओठ हलताना दिसत होते. लोक टाळ्या वाजवत होते. कुठे वाजवायच्या ते मला कळेना, म्हणून शेजारच्याकडे बघून वाजवल्या. दोन गाणी तसं केलं. मुलाच्या गाण्याला शेजाऱ्याकडे बघून टाळ्या वाजवण्यापेक्षा उठलेलं बरं. तो मला गर्विष्ठ समजला. बहिरा समजण्यापेक्षा ते बरं वाटलं, म्हणून मी दुरुस्त केलं नाही.

खालचा सूर अजून येतो, हाडातून. तुझी आजी मिक्सर लावते तेव्हा ओट्यावर हात ठेवला की कळतं.

येतो. कपिलला सांगू नकोस. तो माइकवरून जाहीर करील.

धोंडीबा


इस्लामपूर,
४ मार्च

ती. आजीस,
सविनय जयभीम.

आजोबांनी तुला काही सांगितलं नसणार, म्हणून हे पत्र.

दुकानात त्यांनी आधी गिटारचा आवाज वाढवणारा अँप बंद करायला लावला. मग मला सावधानमध्ये उभं केलं आणि खांद्याचा पट्टा चार बोटं वर ओढला. माझं मनगट सरळ झालं. दोन वर्षं मी पलंगावर वाकडी बसून वाजवत होते; दुखणं मानेच्या लांबीचं नव्हतंच. नंतर त्यांनी वाकून गिटारच्या डोक्याला दात टेकवले. दुकानदार ओरडला, आवं बाबा, चावू नका. ते त्यांना ऐकू आलं नाही, हे दुकानदाराचं नशीब.

मी काळीची पाचवी तार वाजवली. म्हणाले, म्हस घोरतीया. आखूड वाजवली. म्हणाले, ग्वाड हाय, पर सूर उभा ऱ्हात न्हाई. मग मी कोपऱ्यातली धूळ खाल्लेली मागितली. तिला दात टेकवल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत ते उठले नाहीत. मी कानांनी तीच ठरवून बसले होते. त्यांना हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

दोन मार्चच्या सरावाला ते आले. मामाने त्यांना बघितलं आणि कीबोर्डच्या वायरी नीट करत बसला. विश्वजीत चांगला वाजवतो, हे मान्य करावं लागेल. पण त्याला प्रत्येक जागा भरायची असते, आणि पार्टीत गाणाऱ्या राजेश्वरीमावशीला गाण्यात शिरायला दारच सापडेना. ती म्हणाली, ह्यो थांबल तवा मला सांगा. मी चार सूर वाजवले, तेच तेच. आजोबा स्पीकरच्या खोक्यावर बसले होते, दोन्ही तळवे खाली टेकवून. दुसऱ्या गाण्याला मामा त्यांच्या मागे उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आता बघा उठतील, दुसऱ्याच गाण्याला उठायची सवय हाय त्यांची.

आजोबा वळले नाहीत. त्यांचा पाय माझ्या सुरावर पडत होता. मामा आणखी जवळ गेला आणि आबा म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. मग तो नुसता उभा राहिला. गाणं संपलं तरी त्याला कळलं नाही.

विश्वजीतला त्याने चहा पाजून पाठवलं. जागा मला दिली. कारण विचारल्यावर म्हणाला, गाण्याला जागा ठिवतीस म्हणून. आणि बॅनरवर गिटार काळीच दाखवणार हाय, त्यात बोलू नगंस.

तुझ्या हातचं काही पाठव, मायेचा पुरावा म्हणून.

तुझी,
अक्षू


सातारा,
१५ एप्रिल

चि. अक्षता हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

कार्यक्रम पाहिला. बॅनरवरची काळी गिटार आणि हातातली लाकडी गिटार यांचा एकमेकींशी संबंध नाही, हे कपिलच्या लक्षात आणून दे.

तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला तू घाई केलीस. लोकांना कळलं नसेल. मी स्टेजच्या फळीवर हात ठेवून उभा होतो.

कपिल बरा गातो, असं तुझी आजी म्हणते. तिच्या कानांवर माझा विश्वास आहे. टाळ्या मी तिच्याकडे बघून वाजवल्या.

पुढच्या वेळी फळीजवळ एक खुर्ची ठेवायला सांग. पत्रिका नेहमीसारखी पाठवा. चुका तिथे आल्यावर सांगीन.

धोंडीबा