भाऊबीजेचं लुगडं

बा, डाव्या हातानं लिहून राहिली हाये, म्हनून अक्षरं आडवीतिडवी येतील. दुसरीपर्यंत शिकवलं तू मले, तेवढ्यावरच हे चाललं. कामठ्याच्या मंडईवरून येताना धानाच्या मिलवाल्या सेठच्या मोटारीनं आपल्या बैलबंडीले ठोकलं, तवापासून उजवा हात कोपरात वाकला तो वाकलाच. पोरगं झालं, तू पाहून गेला त्याले. आता ते रांगून राहिलं. कमरेवर घेतलं का घसरते, अना सासू धावत येऊन माह्या हातातून ओढून घेते. म्हनते, "पाडशील एखाद्या दिवशी." मलेबी तेच भेव वाटते. परवा ते रडत होतं त मी हात पुढं केले, ते माह्याकडं न येता तिच्याकडं गेलं.

नागपूरचा डाक्टर म्हनला होता का हाड उघडून बसवलं त हात सरळ होईल, पन लवकर करा, जुनं झालं का जमत नाही. त्याचा खर्च सेठनं द्यावा म्हनून तूच त दावा लावला. मी नाही म्हनत होती. वकिलाच्या पायरीवर बसून मी म्हटलं, "बा, मिलवाला मोठा मानूस हाये, त्याच्या मांगं कायले लागता?" तू मले चारचौघात झापलं. "मोठा हाये त का आभाळातून पडला? आता सोराज आलं. कोर्टात त्यालेबी उभंच राहा लागते, गादी नाही टाकत कोनी. भेवून भेवून मरशील तू." तुह्या त्या बोलन्यावर मी भेव सोडलं होतं. पुरतं नाही, पन सोडलं होतं.

मंग कोर्टाच्या पेश्या सुरू झाल्या, तारखेवर तारीख. एकदा सेठचा वकील बिमार, एकदा सेठ तीर्थाले गेला, एकदा कोर्टाचा साहेबच बदलून गेला अना नव्या साहेबानं पहिल्यापासून सुरू केलं. दर पेशीले तू संग यायचा. कोर्टाच्या आवारातल्या चिचेखाली आपन बसतो, तू धोतराच्या सोग्यातला मुर्रा-चना काढतो, अर्धा माह्यापुढं करतो, म्हनतो, "खा वं, सेठच्या घरचा नाही हा." आपन दोघंबी हसतो. ते हसनं मले आता आठवू आठवू येते.

त्या साली भाऊबीजेले मी माहेरी आली होती. भाऊ नाही मले, म्हनून दर सालची मी चंद्राले ओवाळून मोकळी. तू घरातून लुगडं आनलं, हिरवं, लाल काठाचं, अना माह्या मांडीवर ठेवलं. म्हनला, "भाऊ नाही त काय झालं, बाप त हाये." तू जल्मात कधी मले लुगडं घेतलं नव्हतं. घ्यायले होतंच काय? मायनं तोंड फिरवलं. मले वाटलं, तिले रडू आलं. सासरी येऊन मी घरोघरी दाखवलं ते, माह्या बानं घेतलं म्हनून.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवन्यात, तू तापानं गेला. अना पेशी माह्या जबानीची लागली. तुह्याबिगर पहिल्यांदाच जाऊन राहिली होती. म्हनून तेच लुगडं नेसली. वाटलं, तू संग हाये.

सेठचा वकील उठला. अपघाताचं काही इचारलंच नाही त्यानं. म्हनला, "बाई, लुगडं चांगलं हाये. कोनं दिलं?"

मी म्हटलं, "माह्या बानं. भाऊबीजेले."

"भाऊबीजेले बाप देते का भाऊ देते?"

लोक हसले. मलेबी वाटलं, थट्टा करून राहिला. मंग तो साहेबाकडं वळला अना म्हनला का हे लुगडं माह्या सेठनं दिलं. सेठ हिच्या बापाच्या दारी गेला, हिले बहीन मानलं, गावच्या पाटलासमोर नारळ अना लुगडं दिलं, बापानं हात लावून घेतलं. या लोकांत नारळ-लुगडं घेतलं का तंटा मिटला. आता बहीन भावावर दावा कसा चालवते?

मी अंगावरचं लुगडं पाहत उभी राहिली. काठ धरला होता हातात, तो सोडता येईना अना धरताबी येईना. सेठ खाली बाकावर बसून होता. त्यानं माह्याकडं पाहून हात जोडले, खऱ्या भावावानी.

कोर्टातून मी घरी नाही गेली, मायकडं गेली. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. म्हटलं, "माय, लुगडं कोनाचं हाये?" सूप थांबलं नाही तिचं. म्हनली, "दावा लावला तवापासून सेठनं आपल्या बंडीले मिलचं काम बंद केलं होतं. बैल उभे. मंग तो सोताच आला, खाटेवर बसला, म्हनला, 'तुम्हारी बेटी मेरी बहन है.' दारी आलेल्याचं लुगडं मांगं कसं लोटावं? तुह्या बानं घेतलं. दुसऱ्या दिवशी बंडी जुपली."

"अना मले काऊन नाही सांगितलं?"

"तू नेसलं नसतं."

बा, बैल उपाशी होते हे मले कळते. मले सांगितलं असतं त मीच म्हटलं असतं का घे. पन तू ते घेतल्यावरबी दर पेशीले माह्यासंग येत राहिला. चिचेखाली बसला. मुर्रा दिला. सेठच्या घरचा नाही हा, म्हनला. तवा तुही बंडी सेठच्या मिलमध्येच धान वाहत होती. मले कायले फिरवलं? दावा मेला हे तुले माहीत होतं, का तुले वाटलं का कोर्टाले लुगड्याची गोष्ट कळतच नाही? हेच इचारायचं हाये मले. मेलेल्याले इचारता येत नाही, हे तुह्या सोयीचं झालं.

आपला वकील म्हनते, एकच वाट उरली. पुढच्या पेशीले सांगायचं का मले काही माहीत नव्हतं, बापानं परस्पर घेतलं, मले खोटं सांगून नेसवलं. म्हनते, "जे खरं हाये तेच बोल, पन जोरात बोल." गावचे लोक राहतील तिथं, पाटील राहील, मायबी येईल. नवरा म्हनला, "हात पाहिजे का बापाचं नाव पाहिजे, तूच ठरव." मी रातभर नाही, चूल पेटेपर्यंतच इचार केला. मले हात पाहिजे. माहं पोरगं माह्याकडं आलं पाहिजे. म्हनून मी सांगनार हाये, साऱ्यांसमोर, का माह्या बापानं मले फसवलं.

हा कागद कोनत्या पोस्टात टाकू? पेटीत घालून ठेवीन. वकिलानं बजावलं हाये, त्या दिवशी ते लुगडं नेसून येऊ नको, साहेबाच्या नजरेत भरते. मी म्हटलं, तेच नेसून येईन, माह्याजवळ दुसरं धड लुगडं नाही.

दुसरं हाये, बा.