कॉर्कचा सोल

९ फेब्रुवारी १९९९

आईने तारीख घेऊन टाकली! रविवारी मुलाकडचे मला बघणार. घरी नाही — घरात अनवाणी वावरायचं, आणि अनवाणी चालले की माझा आखूड डावा पाय लगेच दिसतो. म्हणून घराला रंग चाललाय असं सांगून त्यांना हॉटेलात बोलावलंय. स्थळ आत्याने आणलं. तिला आईने शपथ घातली, पायाचं बोलायचं नाही.

१० फेब्रुवारी

आत्याबरोबर मेन रोडला. बेलीच्या, म्हणजे माझ्या बंद सपाट बुटांच्या, आत घालायला दुकानदाराने दोन सोल दाखवले. फोमचा मऊ, पाय अगदी सुखावला — पण वजन पडलं की बसतो आणि मी पुन्हा डावीकडे कलते. कॉर्कचा उंच, टणक. त्यावर सरळ चालते, दुकानातल्या आरशात दोनदा बघितलं. टाचेला मात्र रुततो.

आत्या म्हणाली, पायाला बरं वाटेल तो घे. तिला काय जातंय सांगायला! कॉर्कचा घेतला.

१२ फेब्रुवारी

टाचेला फोड. आई म्हणते सवय होईल.

१४ फेब्रुवारी

हॉटेलच्या फाटकापासून टेबलापर्यंत चालले. सगळा जीव टाचेत. सोल सरकला तर? कुणी खाली बघितलं तर?

मुलगा, किशोर, पोस्टात आहे. कमी बोलतो, पण मी बोलत होते तेव्हा नीट ऐकत होता. मला आवडला. तिथेच पंचाईत झाली — आवडला नसता तर एवढी भीती वाटली नसती.

१७ फेब्रुवारी

होकार आला! आई पेढे वाटत सुटलीय. पण लग्न बुद्धविहारात, म्हणजे अनवाणीच. आईला म्हटलं, तेव्हा कसं? तर म्हणे, तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतील. मला माझीच लाज वाटली.

२८ फेब्रुवारी

पुढच्या रविवारी बस्ता. नवरीची चप्पल सासरची! किशोरची आई म्हणे पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाही. जेवण जात नाही. सांगावं का? सांगितलं आणि मोडलं तर?

पण सोल त्यांच्या हाती लागण्यापेक्षा मीच काढून दिलेला बरा.

७ मार्च

चपलांच्या दुकानात बसले आणि बेली काढली. सोल किशोरच्या आईच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्याने दाबून बघितला.

"पाय आखूड आहे हे तुझी आत्या पहिल्याच दिवशी बोलली होती. पण हॉटेलात तू एवढी अवघडून का चालत होतीस, तेच आम्हाला कळेना. दुखत होतं का गं?"

हो म्हटलं. भर दुकानात रडले. मग फोमचा घेतला.