बंद गाड्यांची रांग

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपली गाडी गेली. धुराच्या तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाली, आणि नव्या नियमानं नापास झालेली जुनी गाडी थेट मोडीत. तपासणीवाला पोरगा भला होता, अण्णांना सारखा काका काका करत होता. पण काका म्हटल्यानं निळा धूर थोडाच थांबतो? अण्णांनी जाड तेल घालून पाहिलं, पिस्टनच्या रिंगा बदलून पाहिल्या. शेवटी स्वतःच चालवत मोडीत नेऊन दिली आणि पायी परत आले.

तेव्हापासून गॅरेजचं शटर अर्ध्यावर. आत स्टुलावर बसून असतात. गिऱ्हाईक आलं की हात हलवून परत पाठवतात. माझ्याशीही बोलत नाहीत. बंद गाडीपुढे ज्यानं कधी हात टेकले नाहीत, तो आपला बाप असा बसलेला बघवत नाही रे. काल एवढंच विचारलं की मोडीत गाडीचं नेमकं काय करतात, भिंगरीला विचार, तो तेच काम करतो ना. तर खरं खरं लिही. मला वाचून दाखवायला लावतील.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझी माया तुला ठाऊक आहे.
तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहितो. आधी इंजिनातलं तेल काढून टाकतो. त्याच्या जागी औषध ओततो. औषध हे आमचं नाव, काच विरघळवल्यासारखं घट्ट पाणी असतं ते. मग गाडी चालू करायची आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरायचा. तापलं की औषध आतल्या आत दगड होतं. इंजिन खडखडतं, किंचाळतं आणि अडकतं ते कायमचं. कुणी ते काढून दुसऱ्या गाडीत बसवू नये म्हणून हे सगळं. मुकादम इंजिन मेल्याच्या दाखल्यावर सही करतो. मग पुढची गाडी.

सुरुवातीला मी कानात बोळे घालायचो. आता घालत नाही. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. पाय दाबलेला असतो आणि मी समोरच्या भिंतीचा उडालेला रंग बघतो. एका जागी बसत नाही म्हणून तू मला भिंगरी म्हणायचीस. आता बसायचाच पगार घेतो.

एक गंमत सांगतो. इंजिन चालू असतानाच मारलं तर दाखला मिळतो. बंद गाडी आली तर ती मारण्यासाठी आधी दुरुस्त करावी लागते. हसू नको, खरंच. अशा बंद गाड्यांची रांग पार कुंपणाला टेकलीय आणि मिस्त्री मिळत नाही. मी अण्णांचं नाव सांगून ठेवलंय. शटरमागे बसण्यापेक्षा हात तरी चालतील. खोलीत दुसरी खाट मावते.

चुकलंमाकलं पोटात घाल.
तुझा भिंगरी

२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सगळं वाचून दाखवलं. मारायच्या गाड्या बऱ्या करायच्या, हा कसला उफराटा कारभार, असं पुटपुटले. पण पुटपुटता पुटपुटता हत्यारांच्या पेटीतले पाने पुसायला घेतले! रविवारी निघतात. मला त्यांची कमाई नको, काही नको. माणूस पूर्वीसारखा बोलू दे, एवढंच बघ.

असाच आमच्यात जीव ठेव.
ताई

२० मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिला आठवडा अण्णांचं तोंड थांबत नव्हतं. कुठल्याही गाडीचं तेल दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे आणि मालकाची कुंडली सांगायचे. हा कंजूष, ह्यानं कधी तेल बदललं नाही. हिला चालवणारी बाई शहाणी. नव्या गाड्यांचं पातळ तेल बघून म्हणाले, हे तेल आहे की तीर्थ?

मग एक पांढरी छोटी गाडी आली. तिच्यावर त्यांनी फार मेहनत घेतली. चालू झाली तेव्हा बॉनेटवर हात ठेवून मला हाक मारली, ऐक म्हणाले. खरंच छान चालत होती. मी औषधाचा डबा घेऊन आलोच होतो. माझं कामच ते. पाय दाबला. ते शेवटपर्यंत तिथेच उभे राहिले.

त्या दिवसापासून गाडी दुरुस्त करतात, किल्ली माझ्या हातात देतात आणि दुसरीकडे बघतात. जेवतानाही बोलत नाहीत. परत जा म्हटलं तर म्हणतात रांग संपू दे. मला वाटलं होतं त्यांचं बरं करतोय. माझाच आजार त्यांना लावला.

रागाव, पण दूर लोटू नकोस.
तुझा भिंगरी

८ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णांना आज बसमध्ये बसवून दिलं. का ते सांगतो. गेले काही दिवस ते म्हणायला लागले, ही गाडी होत नाही. मग दुसरी होत नाही. मग कुठलीच होईना. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, म्हातारबुवांचे हात गेले. अण्णा खाली मान घालून हो म्हणाले, वय झालं म्हणाले. आपले अण्णा, ताई!

जेवणाच्या सुट्टीत मी एक बॉनेट उघडलं. वायर काढून, व्यवस्थित घडी घालून आत खोचली होती. शेजारच्या गाडीतही तेच. मी बॉनेट लावून टाकलं. मुकादमानं मला विचारलं तेव्हा सांगितलं की अण्णांना जमलं नाही तर कुणालाच जमायचं नाही. त्यानं त्यांना घरी जायला सांगितलं.

बस यायला वेळ होता. त्यांनी मला शेंगदाणे घेऊन दिले.

तुझा लोभ आहे म्हणून निभतंय.
भिंगरी

१७ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शटर पूर्ण वर गेलंय. तिकडच्या गाड्यांनी मला हरवलं, असं अण्णा गल्लीभर सांगत फिरतात. लोक चिडवतात, ते हसतात. काल माझ्या आमटीला नावं ठेवली, एवढे बरे आहेत! फक्त रोज एकदा विचारतात की भिंगरीचं पत्र आलं का, त्या रांगेतल्या गाड्यांचं काय झालं. काय सांगू?

सुखी राहा, घरची वाट विसरू नकोस.
ताई

२६ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नवा मिस्त्री आला. पहिलंच बॉनेट उघडून हसला, वायर जागेवर लावली. तासाभरात सगळ्या गाड्या चालू. मुकादमाला वाटलं म्हाताऱ्याची नजर गेली होती. त्यानं मला औषधाचा डबा दिला. संध्याकाळपर्यंत रांग संपली. मीच संपवली. मला काही वाटलं नाही, काहीतरी वाटेल म्हणून मी थोडा वेळ बसून पाहिलं.

हे पत्र एकटीनं वाच. अण्णांनी विचारलं तर सांग, सगळ्या उभ्या आहेत. कुणालाच जमत नाहीये.

आहे तेवढी माया राहू दे.
तुझा भिंगरी