डब्बूच्या अंथरुणातला कोट

प्रिय केहरू,

फोन न करता पत्र लिहायला बसले आहे, कारण फोनवर तू रडायला लागतोस आणि मग मला जे बोलायचं असतं ते तोंडातच राहतं. माझं पाचवीपर्यंतचं अक्षर लावायला तुला त्रास होईल, पण सावकाश वाच आणि शेवटपर्यंत वाच. इथे सगळं ठीक आहे. तुझे बापू अजून खालच्या रानात मेंढ्यांबरोबर आहेत, बसोआच्या सणाला कळप घेऊन वर येतील. काळी गाय व्यायली, कालवड झाली. आणि डब्बू चांगलाच वाढला आहे. मला जे सांगायचं आहे ते त्याच्यापासूनच सुरू होतं, म्हणून आधी त्याचंच सांगते.

कार्तिकात कळप खाली नेताना बापूंनी त्याला, एवढ्याशा कुत्र्याच्या पिल्लाला, माझ्या ओटीत टाकलं. पायात काटा भरून पंजा सुजला होता, वाट चालवेना. म्हणाले, घरीच ठेव, गोठ्याला राखण होईल, गेल्या वर्षी बिबट्याने वासरू नेलं ते विसरलीस का. मूठभर जीव, पण घरात आल्याबरोबर जहागीरदारासारखा चुलीपाशी जाऊन झोपला. तिथून त्याचं शिक्षण सुरू झालं. उंबऱ्याच्या आत यायचं नाही, कोंबड्यांच्या मागे लागायचं नाही, ताट पुढे आलं तरी "खा" म्हटल्याशिवाय तोंड घालायचं नाही, आणि अंगणाच्या दगडी भिंतीशी कुणी परकं आलं की घर डोक्यावर घ्यायचं. माझ्याकडून हे जमलं नसतं. मी एकदा रागावते आणि दहादा लाड करते, तुला ठाऊकच आहे. शिकवलं ते माझ्या सुनेने, चंचलोने. एकदा त्याने लोण्याचं मडकं उपडं केलं तेव्हा मी ओली फोक उचलली, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, अम्मा, मारलं तर तो आपल्याला घाबरेल, मडक्यापासून दूर राहायचं ते शिकणार नाही. डाव्या हाताने धरलं होतं. ते मनगट अजून नीट वळत नाही, थंडीत तर पाण्याची कळशीही उचलवत नाही. मी फोक चुलीत घातली.

आता माझ्या हातून काय झालं ते ऐक. आपल्याकडे घरातली माणसं सहा-सहा महिने कळपाबरोबर असतात आणि त्यांच्या माघारी पिल्लू घरात आलं तर त्यांचे अंगावरचे कपडे त्याच्या अंथरुणात घालतात. नाहीतर घरचा धनी परत आला की त्याचाच कुत्रा त्याचा पाय धरायचा. माझ्या सासूने तेच केलं, मीही आजवर तेच करत आले. मी पेटी उघडली, बापूंची जुनी टोपी काढली आणि तिच्याखाली तुझा पट्टूचा लोकरी कोट होता, तोही काढला. तुझ्या लग्नासाठी मीच सूत कातलं होतं त्याचं. सवयीने हात गेला म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. तो कोट अंथरताना मला बरं वाटलं होतं. घरात तुझं काहीतरी वापरात आहे असं वाटलं. चंचलो गवताला गेली होती. नंतर तिने पाहिलंही असेल, पण पिल्लाच्या अंथरुणाकडे कोण निरखून बघतो.

माघात तू येऊन गेलास तो दिवस. मी ओढ्यावरच्या घराटावर मका दळायला गेले होते आणि गर्दी होती म्हणून उशीर झाला. चंचलो अंगणात उन्हाला बसून लोकर पिंजत होती. तिचा सगळा भरवसा डब्बूवर होता, आणि का नसावा? तो पोस्टमनवर भुंकतो, शेजारचे नोखूराम भाऊजी रोज भिंतीपलीकडून जातात तरी त्यांच्यावर रोज भुंकतो. त्या दिवशी तो भुंकला नाही. तिने मान वर केली तेव्हा तू भिंतीच्या आत होतास आणि डब्बू शेपूट हलवत तुझे हात चाटत होता. तू म्हणे पडवीत बसलास आणि चहा मागितलास, जसा काही कोपऱ्यावर विडी ओढून परत आलास. तू तिला बोटही लावलं नाहीस हे मला मान्य आहे. ती आत गेली, कडी लावली आणि तू दार वाजवत राहिलास. मी परत आले तेव्हा तू निघून गेला होतास, डब्बू तू टाकलेली बिस्किटं खात होता आणि घरातून करपल्याचा वास येत होता. तिने चुलीवरचं राजम्याचं भांडंही उतरवलं नव्हतं. माझा आवाज ओळखल्यावरसुद्धा दार उघडायला तिला वेळ लागला. केहरू, भाद्रपदात तू तिचं मनगट मोडलंस, आणि गावच्या बायकांनी तुला घराबाहेर काढून बसमध्ये बसवलं तेव्हा मीच तुला भाकरी बांधून दिली होती. तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती.

कोट तिला त्याच संध्याकाळी सापडला. ओरडली नाही. घडी घालून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "अम्मा, या घरातलं कुत्रंसुद्धा त्याला ओळखतं. मला कोण ओळखतं इथे?" दुसऱ्या दिवसापासून तिचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं आहे. कामं सगळी करते, माझे पाय चेपते, पण गाठोडं सोडत नाही. बसोआला तिचा भाऊ सणाची भेट घेऊन येईल, तेव्हा त्याच्याबरोबर जाईन म्हणते. तिच्या माहेरी काय आहे ते तुला माहीत आहे, सावत्र आई आणि एक खोली. ती जाऊ नये असं मला वाटतं. ती गेली तर या घरात मी आणि भिंती उरतील. पण "राहा" म्हणायला माझ्याकडे तोंड हवं ना.

म्हणून मी डब्बूला पुन्हा शिकवायला घेतलं. कोट अंथरुणातून काढला, पण वास त्याच्या डोक्यात बसलेला. मग नोखूराम भाऊजींच्या हातापाया पडले आणि त्यांना तो कोट घालून भिंतीवरून यायला लावलं. त्यांनी आधी माझी चेष्टा केली. म्हणाले, वहिनी, या वयात मला नवरदेव करता का. पण आले बिचारे. ज्यांच्यावर तो रोज तुटून पडतो ते कोट घालून आले तर त्याने लोळण घेतली. चंचलो त्याला परत बोलवायची, भिंतीकडे बोट दाखवायची, कडक आवाजात सांगायची. तिचं सगळं ऐकणारा तो कुत्रा तेवढं एक ऐकेना. रोज तेच. शेवटी ती थकून पायरीवर बसली आणि म्हणाली, "अम्मा, तो तुमच्याकडे बघतोय. आधी तुमच्याकडे बघतो आणि मग शेपूट हलवतो."

खरं होतं. भाऊजींची चण तुझ्यासारखी आहे. तो कोट भिंतीवर दिसला की क्षणभर मला तूच वाटायचास आणि माझा चेहरा उजळायचा. पिल्लाला त्याहून जास्त काय लागतं? घरची मोठी बाई हसते आहे म्हणजे येणारा आपलाच. परवा भाऊजी पुन्हा आले. मी तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणला, जाणूनबुजून आणला, आणि पोटातून ओरडले, "मागे हो. या घरात पाय टाकायचा नाही." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. डब्बू आधी दचकला, मग केस फुलवून असा भिंतीकडे झेपावला की भाऊजींना कोट टाकून पळावं लागलं. चंचलोने डब्बूला जवळ घेतलं. मी गोठ्यात जाऊन रडले, खूप रडले, ते तुला सांगायलाच हवं.

नोखूराम भाऊजींच्या फोनवर तू कळवलंस की बसोआला येतो, कुत्र्यानेही मला घरचा मानला, आता तिलाही समजाव. ते वाचून दाखवलं त्यांनी, आणि म्हणून हे पत्र. येऊ नकोस. तुझे बापू रागावतील, गाव नावं ठेवील, म्हणून नाही. चंचलो या घरात राहणार आहे, आणि "ये" म्हणायचं की नाही ते तीच ठरवेल, मी तिच्यामागून तुला बोलावणार नाही. काल तिला हे सांगितलं. गाठोडं अजून तिथेच आहे. तिला माझा शब्द नको आहे, सणाच्या दिवशी मी काय करते ते बघायचं आहे. तू नऊ महिने माझ्या पोटात होतास, लेकरा, आणि तुझ्यावाचून सण मला गोड लागत नाही. तरी तू भिंतीशी आलास तर डब्बूच्या आधी मी ओरडेन.

तुझीच,
अम्मा