राव न लावता

१५ जानेवारी १९५७, सौंसर

— आणि तोंडातून निघून गेलं. "मोरेश्वरला साखर नको."

चहाचा ट्रे बाहेर पुरुषांकडे चालला होता. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांचे हात थांबले. गुणवंतामावशी हलव्याचा दाणा चघळत म्हणाली, "कोन्त्या मोरेश्वरले जी, मास्तरीणबाई?"

त्याच्याच घरात. त्याच्या बायकोसमोर!

उर्मिलाबाईच बोलल्या. "देवाचं म्हनून राहिल्या बाई. पन देवाले साखर काहाले? त्याले मोदक पायजे!" बायका हसल्या. उर्मिलाबाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

१६ जानेवारी

लाज वाटायला हवी. वाटत नाही.

त्याला नुसत्या नावानं हाक मारणारी एक त्याची आई होती. ती गेली. आता मी. गावाला तो भैय्याजी, गड्यांना मालक, बायकोला 'अहो'. उर्मिलाबाई नाव घेतात ते उखाण्यात, तेही 'राव' लावून. काल इतकं अंगावर आलं तरी घेता आलं नाही. देवाआड लपवलं.

माझा बाप, नत्थूजी, त्याच्या संत्राबागेत राखणीला होता. "हो जी मालक." मरेपर्यंत तेच. त्याची मुलगी मालकाला 'अरे' म्हणते — बंद दाराआड का होईना.

२० जानेवारी

आला नाही.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. तो पाहुणा. मुलींचं गाणं झाल्यावर म्हणाला, "छान बसवलं, बाई." मी म्हटलं, "आभारी आहे, भैय्याजी." दोघंही चांगले नट आहोत.

२७ जानेवारी

संध्याकाळी आला. बसला नाही.

"नागपूरले बदली मागून घे. थे आता मुंबई राज्यात गेलं, आपलं सौंसर मध्यप्रदेशातच राह्यलं. मराठी शिकवनारी तिकडे पायजेच. खोली पाहून ठेवली मी."

"आणि तू?"

"येत जाईन."

"म्हणजे दुसऱ्या राज्यात ठेवतोस मला!"

हसला नाही. "हळू बोल. आन् नाव सोड आता. जी म्हनत जा, घरातही. सवय लागली का चारचौघांत जीभ घसरत नाही."

"जी म्हणायला माझा बाप होता," मी म्हटलं. "तो गेला."

दार मीच उघडून धरलं. तो गेल्यावर रडू येईल वाटलं होतं. भाकरी टाकली, जेवले. इथंच राहीन, इथंच शिकवीन. तो न आला तरी नाव माझ्याकडे आहे. ते असं घेणारं या गावात दुसरं कुणी नाही.

२८ जानेवारी

सकाळी उर्मिलाबाई मुलीला घेऊन शाळेत आल्या. उषा नागपूरला मामाकडे शिकत होती. राज्य वेगळं झालं म्हणून परत आणली. वडिलांचं नाव सांगायची वेळ आली की बायका मुलांना पुढे करतात. मी उषाला नाही, त्यांना विचारलं. मुद्दाम.

उर्मिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मोरेश्वर," त्या म्हणाल्या. राव न लावता. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

मी लिहून घेतलं.