बारा नंबरची हजेरी

तीर्थरूप मामा,
साष्टांग नमस्कार. घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सोमवार, सकाळी सात. नियंत्रण कक्षात माझी पहिली एकटीची पाळी. वायरलेसवर रुग्णवाहिकांची हजेरी घेतली.
२. बारा नंबरने उत्तर दिलं, "हजर. आवाज स्वच्छ."
३. सात वीसला टपाल कचेरीमागे एक शिक्षक जिन्यावरून पडले. जवळ कोण आहे, असं विचारलं. बारा नंबर म्हणाली, "मी." तिला पाठवलं.
४. बारा नंबरची गाडी दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? (तीन जिने चढलात, म्हणून विचारते. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून स्कूटरवर बसलात, हे मामीकडून कळलं.) भिंतीवरच्या यादीत बारा नंबर अजून आहे, कारण तो काढायला अर्ज लागतो आणि तो कोणी करायचा हे ठरलेलं नाही. माझ्या आधीचे ऑपरेटर तुमचं "हजर" ऐकून घेत आणि वहीत काही न लिहिता पुढे जात. तुम्ही बारा नंबरचे चालक म्हणून निवृत्त झाल्यापासून रोज. ही पद्धत मला कोणी शिकवली नव्हती. मला शिकवलं होतं ते एवढंच, की जो उत्तर देतो तो आहे असं धरायचं.

खरं तर मी ओळखायला हवं होतं. बाकी सगळे बटण दाबता दाबताच बोलतात आणि पहिला शब्द गिळतात. तुम्ही बटण दाबून मनात एक मोजता, मग बोलता. (काडेपेटीच्या टेलिफोनवर मलाही तसंच मोजायला लावायचात. तेव्हा मी सहा वर्षांची होते.) पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तुमच्या पुढच्या निरोपाने: "पोचलो. माणूस शुद्धीवर आहे. डावा पाय मोडलाय, मी तो हलवू देत नाही. आता खरी गाडी पाठव, बाळ." मी सात नंबर पाठवली. अकरा मिनिटं उशीर झाला. पाय वाचला. मात्र "बाळ" नऊ गाड्यांनी ऐकलं, आणि सात नंबरचा चालक आता हजेरीलाच म्हणतो, "हजर, बाळ."

तो आवाज कोणाचा होता, हे साहेबांनी शनिवारपर्यंत लेखी मागितलं आहे. माझी नोकरी कायम होणं त्यावर आहे. मी तुमचं नाव लिहिणार आहे. खोटं लिहिलं तर आधी तुम्हीच ओरडाल.

तुमची भाची

ता. क. शिक्षकांनी बारा नंबरच्या चालकाचे पत्राने आभार मानले आहेत. भंगारात गेलेल्या गाडीच्या वतीने उत्तर देण्याचा नमुना कचेरीत नाही. साहेब दोन दिवस शोधताहेत.

ता. क. २. काल आणि आज सातला बारा नंबर गप्प होती. उत्तरासाठी तीन सेकंद थांबायचा नियम आहे. मी दोन्ही दिवस वीस थांबले. वहीत तशी नोंद आहे.

ता. क. ३. वायरलेसचा जुना संच मामीच्या डब्यांच्या फळीवर, रुमालाखाली आहे, हे मला माहीत आहे. तो तुम्ही स्वतः आणून दिलात, तर नव्या ऑपरेटरांना बटण दाबून एक मोजायला शिकवण्यासाठी आठवड्यातून दोन सकाळी तुम्हाला बोलवायला साहेब तयार आहेत. मी नाव न घेता विचारलं. याल का, ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवा. फोनवर.